वाळूच्या टेकड्या आणि सागरी कासव : गोव्याच्या संरक्षित किनाऱ्यांचा परिचय

प्रास्ताविक

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील शाळा-महाविद्यालयांची सहल म्हटली की गोव्याचे नाव बहुधा ठरलेले असते. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून विद्यार्थी किनाऱ्यावर पोहोचतात, लाटांत खेळतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळी परततात. गाडीतळापासून पाण्यापर्यंत जाताना वाटेत वाळूचा एक उंचवटा लागतो. त्यावर वेली पसरलेल्या असतात, काटेरी गवत असते. विद्यार्थी तो तुडवत खाली उतरतात. त्याकडे पाहावे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. वास्तविक त्या किनाऱ्यावरील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तोच उंचवटा असतो.

१९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण अनिवार्य करण्याचे निर्देश दिले आणि पुढे पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय सर्व शाखांना लागू झाला. हा विषय पुष्कळदा भाषेच्या, इतिहासाच्या किंवा वाणिज्याच्या अध्यापकांकडे सोपविला जातो. त्यांच्या हाती आपल्या परिसराशी जोडलेले एक ठोस उदाहरण असावे, या हेतूने सदर लेखात गोव्यातील मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांवरील वाळूच्या टेकड्या, तेथील वन्यजीव आणि त्यांच्या संवर्धनाचे प्रश्न यांचा परिचय करून दिला आहे.

वालुकागिरी : शब्द आणि वस्तू

भूगोलाच्या पुस्तकांत वाळूच्या टेकडीला वालुकागिरी असे म्हटले जाते. तिचे प्रकार शिकविताना ‘सैफ’ ही संज्ञा येते. हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ तलवार असा आहे. वाळवंटातील लांबच लांब, धारदार माथ्याच्या टेकडीला अरबांनी दिलेले हे नाव जगाने स्वीकारले. उर्दूत वाळूला ‘रेत’, मराठीत ‘रेती’ आणि कोकणीत ‘रेंव’ म्हणतात. शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत. मात्र वाळू म्हटली की आपल्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर एकतर वाळवंट येते किंवा बांधकामावर पडलेला ढीग. किनाऱ्यावरील टेकडी या दोहोंहून वेगळी आहे. ती जिवंत वनस्पतींनी बांधलेली असते.

तिच्या निर्मितीची प्रक्रिया साधी आहे. पावसाळा संपला की शांत झालेल्या लाटा वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात. ओहोटीच्या वेळी ती उन्हात वाळते आणि समुद्राकडून येणारा वारा कोरडे कण जमिनीच्या दिशेने ढकलतो. वाटेत एखादी वेल किंवा गवताचा झुबका लागला की वाऱ्याचा वेग कमी होतो आणि कण तेथेच पडतात. वाळू साचते तशी वेल वर वाढते. वेल वाढते तशी आणखी वाळू अडते. अशा रीतीने वर्षानुवर्षे थर चढत जाऊन टेकडी उभी राहते. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी साधारण स्थिरावली. आज दिसणाऱ्या किनारी टेकड्यांची जडणघडण त्यानंतरच्या काळातील आहे, असे मानले जाते.

या कामातील पहिला मानकरी म्हणजे मर्यादवेल. जांभळट गुलाबी फुलांची आणि दोन भागांत दुभंगलेल्या जाड पानांची ही वेल भरतीरेषेच्या अगदी जवळ वाढते. खारा वारा, तापलेली वाळू आणि पोषणद्रव्यांचा अभाव हे सारे तिला सोसते. समुद्राची मर्यादा दाखविणारी वेल असा तिच्या नावाचा अर्थ लावता येतो आणि तो शास्त्रीयदृष्ट्याही योग्य ठरतो. तिच्या पाठोपाठ स्पिनिफेक्स नावाचे टोकदार पानांचे गवत येते. त्याचे गोल, काटेरी बीजगुच्छ वाऱ्याने वाळूवर गडगडत जातात आणि जेथे थांबतात तेथे रुजतात. त्यामागे झुडपे, केवडा आणि आणखी आतल्या बाजूस उंडी, काजू, नारळ असा क्रम लागतो. पहिली रांग पायांखाली नष्ट झाली तर मागच्या रांगांचा आधार जातो.

टेकडीचे तीन उपयोग

पहिला उपयोग संरक्षणाचा. पावसाळ्यात उसळलेल्या लाटा टेकडीचा पायथा कापतात आणि ती वाळू समुद्रात थोड्या अंतरावर उथळ पट्ट्याच्या रूपाने साचते. त्या पट्ट्यावर पुढच्या लाटा फुटतात आणि किनाऱ्यावरचा मार कमी होतो. पावसाळ्यानंतर तीच वाळू परत येते. म्हणजे टेकडी ही अडीअडचणीच्या वेळी काढावयाची ठेव होय. तिच्या जागी दगडी भिंत बांधली, तर लाट भिंतीवर आदळून मागे फिरताना पुढची वाळू ओढून नेते. भिंत उरते, पण तिच्यासमोरचा किनारा झिजतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर झालेल्या पाहणीत, ज्या ठिकाणी टेकड्या आणि झाडी शाबूत होती तेथे आतील वस्तीला तुलनेने कमी झळ पोहोचल्याचे दिसून आले.

दुसरा उपयोग पाण्याचा. टेकडीवर पडणारे पावसाचे पाणी वाळूतून झिरपून खाली साठते. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते खाऱ्या पाण्याच्या वर भिंगाच्या आकारात तरंगत राहते. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर तत्त्वतः तिच्या खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते, असा ठोकताळा भूजलशास्त्रात सांगितला जातो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याच्या विहिरी कशा, या प्रश्नाचे उत्तर यात आहे. टेकडी सपाट करून मोठ्या उपशाच्या कूपनलिका घेतल्या, तर हा समतोल बिघडून विहिरी खाऱ्या होतात. नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅम शहराने १८५३ सालापासून किनाऱ्यावरील टेकड्यांतून पिण्याचे पाणी घेतले. त्या देशाचा मोठा भाग समुद्रपातळीच्या खाली असून तेथे या टेकड्या काळजीपूर्वक राखल्या जातात.

तिसरा उपयोग सजीवांच्या आश्रयाचा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

टेकडीवरील जीवसृष्टी

दिवसा निर्जन वाटणारी ही जागा पहाटे पाहिली तर वाळूवर पावलांची लिपीच उमटलेली दिसते. वाळूच्याच रंगाचे खेकडे खोल बिळे करून राहतात आणि रात्री बाहेर पडून किनाऱ्यावर आलेले मृत जीव खातात. म्हणजे ते किनाऱ्याचे सफाई कामगारच होत. हिवाळ्यात मध्य व उत्तर आशियातून आलेले चिखल्या जातीचे लहान पक्षी आणि कुरव ओलसर वाळूवर थव्यांनी दिसतात. मोरजीजवळ शापोरा नदीच्या मुखाशी असे थवे विशेष दिसतात. उंच झाडांवर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड घरटे करतो. झुडपांत सरडे, साप आणि रात्री फिरणारा कोल्हाही असतो.

या सर्वांत ज्याच्यामुळे हे किनारे संरक्षित झाले तो प्राणी म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीचे सागरी कासव. त्याच्या पाठीची लांबी साधारण ६० ते ७० सेंटिमीटर असते. ओडिशात गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे या कासवाच्या माद्या हजारोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. पश्चिम किनाऱ्यावर मात्र त्या एकेकट्या येतात. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो. रात्री मादी भरतीरेषेच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी कोरड्या वाळूत दीड फुटाच्या आसपास खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत समुद्रात जाते. पिलांची भेट तिला होत नाही. ४५ ते ६० दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. म्हणजे येथे वाळू आईचे काम करते.

हे काम किती नाजूक आहे हे दोन गोष्टींवरून स्पष्ट होते. पहिली गोष्ट म्हणजे पिलू नर होणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरते. वाळू अधिक तापली की माद्यांचे प्रमाण वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे पिले बाहेर येतात ती रात्री आणि क्षितिजावरील उजळ बाजूकडे धावतात. निसर्गात ती बाजू समुद्राची असते, कारण मागची टेकडी व झाडी काळोखी असते. टेकडी काढून तेथे दिव्यांचा झगमगाट केला की पिले उलट दिशेने जातात आणि वाळूवरच मरतात. हजार पिलांतून जेमतेम एखादे प्रौढ होते, असा अंदाज आहे. जी माद्या म्हणून वाढतात त्या बऱ्याच वर्षांनी बहुधा आपल्या जन्मप्रदेशाकडेच अंडी घालण्यास परततात. मात्र निसर्गात अपवादही असतात. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर येथे अंडी घालताना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवे एकमेकांपासून पूर्ण वेगळी आहेत, हा समज त्यामुळे पुन्हा तपासावा लागला.

संरक्षणाची चौकट

सागरी कासवाला वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. म्हणजे वाघाइतकेच संरक्षण. गोव्यात पूर्वी कासवाची अंडी खाण्यासाठी काढली जात आणि विकलीही जात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोरजी येथे वनखाते व स्थानिक ग्रामस्थ यांच्या सहभागातून अंडी राखण्याचे काम सुरू झाले. पुढे ते दक्षिणेकडे काणकोण तालुक्यातील आगोंद व गालजीबाग येथेही रुजले. यांपैकी गालजीबाग हा नदीमुख आणि सुरूच्या झाडांनी वेढलेला, पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेपासून दूर असलेला किनारा आहे. हंगामात स्थानिक रक्षक रात्री गस्त घालतात, घरट्याभोवती कुंपण करतात, आवश्यक तेथे अंडी सुरक्षित जागी हलवतात आणि पिले बाहेर आल्यावर त्यांना समुद्रात जाऊ देतात.

किनारी टेकड्यांसाठी स्वतंत्र कायदा नसला तरी किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेने त्यांना संरक्षण दिले आहे. १९९१ च्या अधिसूचनेने सुशोभीकरण वा करमणुकीसाठी टेकड्यांमध्ये फेरफार करण्यास मनाई केली. २०११ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्यांचा समावेश सर्वाधिक संवेदनशील वर्गात झाला. गोव्यासाठीच्या विशेष तरतुदींत टेकड्यांचे सर्वेक्षण व नकाशे करावेत, आणि मांद्रे, मोरजी, गालजीबाग व आगोंद या कासवांच्या किनाऱ्यांवर विकासकामांना परवानगी देऊ नये, असे नमूद झाले. २०१९ च्या अधिसूचनेतही टेकड्या याच वर्गात आहेत.

तथापि कागदावरील रेषा आणि वाळूवरील रेषा यांत अंतर असते. कळंगुट, कांदोळी, बागा या भागातील टेकड्यांचा मोठा भाग बांधकामाखाली गेला. २००० सालच्या जून महिन्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज कांदोळीजवळ वाळूत रुतले आणि सुमारे बारा वर्षे तेथेच राहिले. त्या एका अडथळ्यामुळे वाळूच्या वाहण्याची दिशा बदलून आसपासचा किनारा झिजला. किनारा ही स्थिर वस्तू नसून सतत चालणारी देवघेव आहे, हे त्या जहाजाने दाखवून दिले.

या प्रश्नाची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी टेकडीखालची जमीन खासगी मालकीची आहे. चार महिन्यांच्या पर्यटन हंगामावर ज्याचे वर्षाचे घर चालते, त्या कुटुंबाला दिवे बंद ठेवा, संगीत थांबवा, खाटा मागे घ्या, असे सांगणे सोपे नसते. संवर्धनाचा भार केवळ किनाऱ्यावरच्या माणसाने उचलावा, ही अपेक्षा न्याय्य ठरत नाही. या संदर्भात रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाचे उदाहरण उपयुक्त आहे. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली कासव संरक्षणाचे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सवाच्या निमित्ताने येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावकऱ्यांनी आपल्या घरी केली. पाहुण्यांची संख्या, दिवे आणि आवाज यांवर मर्यादा ठेवली तर कासव जिवंत राहणे हेच उत्पन्नाचे साधन होऊ शकते, हे त्या गावाने दाखविले.

घाटावरचा आपला संबंध

हा सारा प्रश्न गोव्याचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नद्यांच्या नकाशात आहे. निपाणीजवळची वेदगंगा आणि बेळगावजवळची मार्कंडेय यांचे पाणी शेवटी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. परंतु खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे वळते आणि मांडवी या नावाने पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. शेजारच्या चंदगड-दोडामार्ग भागातील सह्याद्रीतून येणारी तिलारी गोव्यात शापोरा होते आणि तिचे मुख मोरजीच्या किनाऱ्याला लागूनच आहे. किनाऱ्यावरील वाळूचे पुष्कळसे कण या डोंगरांतील खडक झिजून नद्यांनी वाहून नेलेले आहेत. आपल्या घाटमाथ्यावरील दगडाचा चुरा शेकडो वर्षांच्या प्रवासानंतर कासवाच्या अंड्याखालचा बिछाना होतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

म्हणून नदीतील वाळूचा बेसुमार उपसा आणि धरणांत अडणारा गाळ यांचा परिणाम किनाऱ्यावर होतो. शापोरा व तेरेखोल या नद्यांतील बेकायदा वाळू उपशाच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या आहेत. म्हादईच्या पाण्याची वाटणी लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये ठरविली. तीत कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ अब्ज घनफूट पाणी आले आणि तो वाद पुढेही न्यायालयात राहिला. पाण्याच्या हिशोबात राज्यांची बाजू मांडणारे वकील असतात. पाण्याबरोबर वाहणाऱ्या वाळूचा हिशोब मात्र क्वचितच कोणी मांडतो. सीमाभागातील माणसाला सीमेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वाळूचा कण आणि कासव या दोघांनाही ती सीमा ठाऊक नाही, एवढे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून दिले तरी पुरे.

संवर्धनाची नैतिक बाजू

कायद्याच्या भीतीपेक्षा मनाची धारणा अधिक टिकते. इस्लामी परंपरेत निसर्ग ही माणसाची मालमत्ता नसून त्याच्याकडे सोपविलेली अमानत मानली जाते आणि इसराफ, म्हणजे अपव्यय, निषिद्ध मानला जातो. या तत्त्वांना प्राचीन काळापासून व्यवस्थेचे रूपही मिळालेले आहे. ‘हिमा’ म्हणजे सार्वजनिक हितासाठी राखून ठेवलेला प्रदेश. हजरत पैगंबर (स.) यांनी मदिनेजवळ नकी येथे असे क्षेत्र राखल्याचे सांगितले जाते. ‘हरीम’ म्हणजे विहीर, झरा, नदी यांच्या भोवतालचा असा पट्टा, की ज्यात पाण्याला बाधा येईल असे काही करता येत नाही. किनारपट्टी नियमन क्षेत्राची आधुनिक कल्पना ‘हरीम’च्या कल्पनेपासून फार दूर नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने सौदी अरेबियाच्या सहकार्याने १९८३ साली या इस्लामी तत्त्वांवर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला होता.

प्रत्यक्ष उदाहरण पूर्व आफ्रिकेतील झांझिबारचे आहे. तेथील पेंबा बेटाजवळ मिसाली हे छोटे बेट असून तेथेही सागरी कासवे अंडी घालतात. त्या परिसरातील मच्छीमार बहुसंख्य मुस्लिम आहेत. १९९८ मध्ये ते संवर्धनक्षेत्र झाले. त्यानंतर स्फोटके वापरून होणाऱ्या मासेमारीविरुद्ध तेथे धार्मिक शिकवणीच्या आधारे प्रबोधन करण्यात आले. सरकारी नियमांपेक्षा आपल्या परिचयाच्या भाषेत सांगितलेली गोष्ट लोकांना अधिक जवळची वाटली. आपल्याकडेही मराठी, उर्दू, कन्नड अशा अनेक भाषांतून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर हा विषय त्यांच्या ओळखीच्या शब्दांत ठेवणे शक्य आहे.

अध्यापकांसाठी काही सूचना

हा विषय शिकविण्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. सहलीला निघण्यापूर्वी एक तास राखून टेकडीची रचना फळ्यावर काढून दाखवावी. किनाऱ्यावर उतरताना आखलेल्या वाटेनेच जावे आणि मर्यादवेल तुडवू नये, हा नियम सहलीच्या सूचनापत्रात लिहावा. वाळूवर वाहन नेणे, शेकोटी पेटविणे, ध्वनिवर्धक लावणे आणि रात्री विजेरीचा प्रकाश टाकणे कटाक्षाने टाळावे. खाद्यपदार्थ मागे टाकू नयेत, कारण त्यांवर कुत्री जमतात आणि तीच पुढे अंडी उकरतात. कासवाचे घरटे दिसल्यास त्याला हात न लावता वनरक्षकाला कळवावे.

सहलीनंतर विद्यार्थ्यांना लहान लहान प्रकल्प देता येतील. आपल्या घराचे बांधकाम झाले तेव्हा वाळू कोणत्या नदीतून आली होती, आता दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू किती वापरली जाते, गावाजवळच्या ओढ्याचे पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळते, अशा प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी घरातील वडीलधाऱ्यांना, गवंड्यांना आणि वाळूच्या व्यापाऱ्यांना विचारून आणू शकतात. भाषेच्या वर्गात वाळू, रेती, साहिल, किनारा या शब्दांचा मराठी-उर्दू-कन्नड तुलनात्मक कोश तयार करता येईल. मुलींच्या महाविद्यालयांत, जेथे दूरच्या सहली कमी निघतात, तेथे नकाशा आणि चित्रफीत यांच्या साह्याने हाच पाठ घेता येतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, किनाऱ्यावरील वाळूची टेकडी ही पडीक जागा नसून संरक्षण, पाणी आणि जीवन या तिन्हींची एकत्रित व्यवस्था आहे. ती उभी राहण्यास शेकडो वर्षे लागतात आणि यंत्राने सपाट करण्यास एक दिवस पुरतो. मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथे कासव अजून येते, याचा अर्थ ही व्यवस्था अजून पूर्ण मोडलेली नाही. तिचे रक्षण किनाऱ्यावरील ग्रामस्थ आणि वनरक्षक करीत आहेत. घाटावरच्या अध्यापकाकडून त्यांना मिळू शकणारी मदत एवढीच की, त्याच्या वर्गातून दरवर्षी किनाऱ्यावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना आपला पाय कशावर पडतो आहे, हे ठाऊक असावे.